जायफळाचा वेढा

मित्रांनो, ऐरोलीला लागून असलेल्या दिवा गावात, चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये मी राहते. मी सहाण आहे, म्हणजे बाळगुटी उगाळायचा छोटा गोल दगड. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिले नसेल. नसेल पाहिले तर फारसे काही बिघडले नाही.

तुर्भ्याच्या डोंगरातल्या खाणीत एका पाथरवटाने पाटा घडवला आणि उरल्या तुकड्यातून मला घडवले. दिव्यातल्या एका आगरी घरात मी त्या पाट्याबरोबर आले, तेव्हा इथे मिठागरे आणि भाताची खाचरे होती. घरातल्या सासूबाईंनी मला चुलीजवळच्या फळीवर बसवले. घरात बाळंतीण असली की माझा मान वाढे. मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, सुंठ, जायफळ अशी मंडळी एकामागून एक माझ्या अंगावर फिरत. आईच्या दुधाचे दोन थेंब टाकायचे आणि प्रत्येकाचे वेढे मोजायचे. वेढा म्हणजे एक गोल फेरा. मुरुडशेंगेचे दोन, हिरड्याचा एक आणि जायफळाचा फक्त अर्धा, कारण जायफळाने गुंगी येते. "हिच्यावाचून पोर वाडत नाय," असे शेजारणी म्हणत आणि मी, दगड असूनही, फुगून जाई.

त्या घरात बायजा सून म्हणून आली. एकोणिसाव्या वर्षी तिला मुलगी झाली. दीड महिन्याची झाल्यावर ती पोर रोज दिवेलागणीला रडू लागली. पाय पोटाशी घेई, मुठी आवळी, लालबुंद होई. सासूबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला परगावी होत्या. जाताना सगळे वेढे सांगून गेल्या होत्या. पहिल्या दिवशी बायजाने जायफळाचा अर्धा वेढा दिला आणि पोर झोपली. दुसऱ्या दिवशी अर्ध्याने भागले नाही, म्हणून एक दिला. मग तीन. चौथ्या दिवशी बायजाचे डोळे जागरणाने सुजले होते आणि ती वेढे मोजायचेच विसरली. मी मात्र मोजत होते. अकरा झाले, मित्रांनो. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

पोर गप्प झाली. बायजाने तिच्या पोटावरून हात फिरवला. दुखायचे थांबले, असे तिला वाटले. पोर मात्र पुन्हा उठली नाही.

कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, सटवाईने तेवढेच लिहिले होते. बायजाने मला राखेने घासले, फडक्यात बांधले आणि टाकून द्यायला खाडीपर्यंत नेले. तिथे बराच वेळ उभी राहिली आणि मला परत घेऊन आली. का, ते मला आजवर कळलेले नाही. पुढे कल्पेश झाला. त्याला तिने गुटीचे बोटही लावले नाही. सासूबाई बोल बोल बोलल्या, पण ती बधली नाही.

चाळीस वर्षे मी पेटीच्या तळाशी होते. जुने घर पडले, तिथे इमारत उठली आणि पेटी माळ्यावर गेली. अंधारात मला त्या पोरीचे रडणे ऐकू येई. रडण्याचे एवढे काही नाही, पण ते थांबले की मला सोसवत नसे. मग ते वेढे पुन्हा अंगावर फिरू लागत. दर वेळी मी दहाव्याला अडून बसायचे ठरवी आणि दर वेळी अकरावा होऊन जाई.

यंदा कल्पेशची बायको मनस्वी बाळंत झाली. मुलगा झाला, त्याचे नाव अभिराम. तो सात आठवड्यांचा झाला आणि एके दिवशी दिवेलागणीला मला तसेच रडणे ऐकू आले. माझेच जुने भूत उठले, असे मी समजले. पण हे रडणे खरे होते आणि खालच्या खोलीतून येत होते.

मनस्वीची आई विजयमाला घणसोलीहून राहायला आली होती. बाई मायाळू, पण स्वस्थ बसणे तिला ठाऊक नाही. गुटीचा डबा तिने आणला होता, सहाण तेवढी राहिली होती. माळा धुंडाळताना तिला मी सापडले. तिने मला नळाखाली धुऊन ओट्यावर ठेवले, दुधाचे थेंब टाकले आणि मुरुडशेंग उगाळली. मग जायफळ उचलले.

तेवढ्यात बायजा बाजारातून आली. पिशवी दारातच टाकून तिने माझ्यावर पंजा ठेवला.

"विहीनबाय, नको."

"अवो, अर्दाच वेढा देते. पोराचं पोट बगा कसं टनक झालंय."

"मी पन अर्द्यानंच सुरू केलेलं."

मनस्वी रडत्या अभिरामला घेऊन दारात उभी होती. तिने विचारले, "कल्पेशला दिलेलंत?"

"कल्पेशच्या आदी मना एक पोरगी झालेली. अशीच रडायची. याच दगडावर जायफल उगालून दिलं मी तिला. गप झाली. मना वाटलं, बरी झाली."

पुढचे मनस्वीला विचारावे लागले नाही. तिने अभिरामला छातीशी घट्ट धरले आणि ती दोन पावले मागे सरली. ती दोन पावले बायजाने पाहिली. मीही पाहिली.

"कोणालाच सांगितलं नाहीत, आई?" मनस्वीने सासूला विचारले.

"सगली नजर म्हनली. मी म्हनू दिलं."

विजयमालाने जायफळ परत डब्यात टाकले. अभिराम रडतच होता. शेवटी मनस्वीच्याही डोळ्यांत पाणी आले. "डॉक्टर मॅडम बोलल्यात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नको, मध नको, गुटी नको. गॅस होतो, तीन-चार महिन्यांत कमी होतं. ताप आला, हिरवी उलटी झाली, दूध सोडलं, तरच टेन्शन, मग लगेच आणा. नाहीतर उभं धरून ढेकर काढा, पाय हलवा. पण माझे हात भरून आलेत, आई. मला नाही जमत आता."

बायजाने हात पदराला पुसले, पण पुढे केले नाहीत. तेव्हा मनस्वीच दोन पावले पुढे आली आणि तिने पोर सासूच्या हातात ठेवले.

बायजाने त्याला खांद्यावर उभे धरले आणि पाठीवरून खालून वर हात फिरवला. मग मांडीवर घेऊन त्याचे गुडघे हळूच पोटाशी नेले, सोडले, पुन्हा नेले. तो काही लगेच थांबला नाही. "रड रे बाबा," बायजा म्हणाली. "आवाज येऊ दे तुजा." बऱ्याच वेळाने एक दणदणीत ढेकर आली, बायजाच्या खांद्यावर दूध सांडले आणि पाठोपाठ खालूनही आवाज झाला. विजयमाला डोळे पुसता पुसता हसली. अभिराम कुरकुरत होता, पण डोळे टक्क उघडे ठेवून आजीकडे बघत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. बाळाच्या तोंडापासून मला दूर ठेवा आणि ते रडले तर त्याला खांद्यावर घ्या, घाईने गप्प करू नका. तुमच्या आजीने एखादी वस्तू फडक्यात बांधून ठेवली असेल, तर तिच्याजवळ बसा आणि का ते विचारा.

मनस्वीने दुसऱ्या दिवशी दुपारी विचारले, "तिचं नाव काय होतं, आई?"

"बारसं राहिलेलं. सासूबाई आल्यावर करनार होतो. मी मनातल्या मनात सुमन म्हनायचे."

मनस्वी अभिरामकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंस का? तुला एक आत्या होती. सुमनआत्या."

बायजा तेव्हा मोठ्याने रडली आणि तिला कोणी गप्प केले नाही.