आणीबाणीचं कलम

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात श्रीरामकाकांना 'नाही' म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. मंडळ त्यांनीच काढलेलं, अध्यक्षही तेच, आणि निम्म्या सभासदांची हृदयंही त्यांनीच तपासलेली! जानेवारीत हिमवादळ आलं तेव्हा कमिटी फोनवर काथ्याकूट करत बसली. काकांनी एकट्यानं संक्रांतीचा कार्यक्रम रद्द केला आणि लोकांचे हाल वाचले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच: इमर्जन्सीत अध्यक्षाला कोणालाही न विचारता ठरवता आलं पाहिजे.

ठराव त्यांनी इंग्रजीत लिहिला आणि त्याचं मराठी करून सभेत वाचायचं काम दिलं लेकीला, नीनाला. ती हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. आदल्याच आठवड्यात तिनं वर्गात सांगितलं होतं: फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना घडत असताना, सगळा कारभार एकाच माणसाच्या हाती द्यावा असं कोणीतरी सुचवलं आणि सभा चिडीचूप झाली; कारण ते पद ज्याला मिळणार, तो सगळ्यांना आदरणीय असलेला सेनापती तिथंच बसला होता. मग मात्र सगळे बोलले, भांडभांड भांडले आणि त्या पदाला वेसण घातली.

"बाबा, याला काहीतरी लिमिट हवं ना?" तिनं घरी विचारून पाहिलं.

"अगं, पण मी आहे ना!" बाबा हसले. सत्तेची हाव त्यांना नव्हतीच, माणसांची काळजी होती. म्हणून तर त्यांना विरोध करायला तिची जीभ रेटेना.

सभेत ती उभी राहिली. 'इमर्जन्सी'साठी तिनं डिक्शनरीतून शब्द शोधला होता.

"आणीबाणी आहे असं अध्यक्षांना वाटल्यास," तिनं अडखळत वाचलं, "सर्व अधिकार त्यांच्याकडे राहतील."

पंचाहत्तर साल पाहिलेली सगळी पिकली डोकी एकदम वर झाली. पुढच्या रांगेतल्या लतिकामावशींनी चहाचा कप खाली ठेवला.

"व्हॉट? राँग वर्ड आहे का?" नीनानं विचारलं.

"शब्द बरोबर आहे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पण आणीबाणी संपली हे कोण ठरवणार?"

तिला खोटं बोलवेना. "तूच, बाबा."

बाबा सभेकडे वळले. "पंचाहत्तर साली माझ्या वडिलांना ज्यानं घरातून नेलं ना, तो इन्स्पेक्टर ओळखीचा होता. भला माणूस. चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाला."

मग त्यांनी विचारलं, "ठरावाच्या विरोधात कोण?"

कोणी हललं नाही. काकांसमोर हात कोण वर करणार? नीनाला रडू येत होतं. तिनं कसाबसा हात खांद्यापर्यंत नेला.

"नीट वर कर," बाबा म्हणाले. "मागच्यांना दिसला पाहिजे."