टॅनर व्हेलनची पट्टी कोणी हलवली?

मी एक फळा आहे. पण खडूचा नव्हे, आणि माझ्यासमोर बसून कोणी काही शिकलं, असंही माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही.

माझं अंग पत्र्याचं. वर पांढरा गुळगुळीत मुलामा, कडेला ॲल्युमिनियमची किनार. माझं पहिलं घर म्हणजे कॅनडातल्या थंडर बे गावातलं सोफे-पलंगांचं एक दुकान. तिथला मॅनेजर दर सोमवारी माझ्यावर ठळक अक्षरांत लिहायचा, 'गिऱ्हाईक आलं की हसा!' नोकर हसायचे. गिऱ्हाईक यायचं, सोफ्यावर बसून पाय मोकळे करायचं आणि निघून जायचं. लवकरच दुकान बसलं. सामानाच्या लिलावात मला आइस हॉकीच्या एका व्यावसायिक संघानं उचललं. संघाचं नाव लून्स. लून म्हणजे आमच्या सरोवरांवरचा पाणपक्षी. पाण्यात झोकदार, पण जमिनीवर त्याला धड दोन पावलं टाकता येत नाहीत. नाव ठेवणाऱ्यानं आधी संघ नीट निरखला असावा.

त्यांनी माझ्यावर निळ्या-लाल रेघांचं मैदान रंगवलं आणि मला प्रशिक्षकाच्या खोलीत ठोकलं. प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक चुंबकी पट्टी होती. ती उचलायची आणि माझ्या अंगावर हवी तिथं चिकटवायची. माणसं बाहेर बर्फावर पडायची, धडपडायची, दात गमावायची. पण त्यांचं नशीब ठरायचं ते इथं, उबेत, कॉफीचे कप हातात घेतलेल्या लोकांकडून.

या लोकांचा एकच आवडता विषय होता: सेंटर कोणी खेळायचं आणि विंग कोणी? हल्ला करणारे तिघे असतात. मधे सेंटर, दोन्ही कडांना विंग. पंच रबरी चकती, म्हणजे पक, बर्फावर टाकतो तेव्हा तिच्यासाठी काठीला काठी भिडवायची ती सेंटरनं. पुढे धावायचं त्यानं, मागे येऊन आपला गोल राखायचा तोही त्यानंच. विंगवाल्यानं कडेच्या कठड्याला अंग घासत कोपऱ्यातून पक उकरायचा, मार खायचा आणि संधी दिसली की गोल मारायचा. इतकी सरळ वाटणी. पण शहाण्यांना सरळ गोष्ट पचत नाही.

मुख्य प्रशिक्षक गॉर्ड हॅस्केट. मान नसलेला, आवाज असलेला. त्याचा मदतनीस रेजाँ थिबो हा क्वेबेकचा, बोलताना हातांनी हवा कापणारा. दोघांची रोज जुंपायची.

"सेंटर म्हणजे संघाचा मेंदू," रेजाँ म्हणायचा.

"आणि विंग म्हणजे पंख. पंखांवाचून लून उडेल का?"

"डोक्यावाचून उडतो वाटतं?"

"तू नाही का इतकी वर्षं उडत?"

मग पट्ट्या सरकायच्या. डावीकडचा उजवीकडे, मधला कडेला. संध्याकाळी संघ हरायचा, सकाळी पट्ट्या पुन्हा जागेवर यायच्या. घरातलं कपाट या भिंतीचं त्या भिंतीला लावून संसार सुधारेल असं मानणारी माणसं असतात ना, तशीच ही.

या सगळ्यात एक पट्टी मात्र कोणी हलवत नसे. ती एइनो लाहतेलाची. एइनो आमचा कर्णधार, इथल्याच फिनिश वस्तीतला, वयानं चौतिशीला टेकलेला, आणि मिसरूड फुटल्यापासून सेंटर. बोलायचा कमी. त्याच्या काठीसमोरून पक नेणं म्हणजे भुकेल्या मांजरापुढून मासळी नेणं.

आणि मग आला टॅनर व्हेलन. विशीतला पोरगा, मनगटात जादू. त्याचा फटका गोलरक्षकाला दिसायचा नाही, फक्त जाळ्याचा आवाज ऐकू यायचा. संघाचा व्यवस्थापक लायल प्रिचर्ड यानं त्याला मोठ्या गाजावाजात आणलं. लायल हा टाय बांधून बर्फगृहात येणारा एकमेव माणूस. बर्फावर कधी उतरला नव्हता, म्हणून खेळाबद्दल त्याला कसलीही शंका नव्हती.

"टॅनर सेंटर खेळेल," लायलनं जाहीर केलं.

"त्याचा पिंड विंगचा आहे," गॉर्ड म्हणाला. "मागे परत येताना त्याला वाट सापडत नाही."

"गावभर पोस्टरं लागलीत. त्यावर 'नवा सेंटर' छापलंय."

"मग पोस्टरलाच खेळव मधे. निदान जागा तरी सोडणार नाही."

रेजाँनं हात उडवले. "पोरगा हुशार आहे. हुशार माणूस मधेच हवा. आणि एइनोचे पाय आता थकलेत. त्याला कडेला टाका."

सेंटरला मेंदू म्हणून पुजणारा हा गृहस्थ त्याच दिवशी संघातला सगळ्यात शहाणा मेंदू कठड्यावर आपटायला पाठवत होता. गॉर्डनं थोडा वेळ आरडाओरडा केला. मग लायलनं त्याच्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा विषय काढला आणि गॉर्डला एकाएकी टॅनरमध्ये सेंटरचे गुण दिसू लागले.

एइनोला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, हातात अर्धा खाल्लेला 'पर्शियन', म्हणजे आमच्या गावचा गुलाबी आयसिंगचा गोड पाव.

"एइनो, तू आता डावा विंग," गॉर्ड माझ्याकडे बघत म्हणाला. माणसाकडे बघवत नसलं की सगळे माझ्याकडे बघतात.

"बरं."

"बरं म्हणजे? राग आलाय का तुला?"

"बरं म्हणजे बरं. आमच्या घरी याला भाषण म्हणतात."

तो गेला. टॅनरला कोणी काही विचारलं नाही. त्याच्या वतीनं बोलायला त्याचा बाप होता ना!

रस व्हेलन स्वतः जुना खेळाडू, जन्मभर विंग. मोडलेल्या नाकाचा, रुंद खांद्यांचा. दर आठवड्याला गाडी हाकत यायचा आणि प्रशिक्षकांच्या खुर्चीत बसून प्रशिक्षकांनाच शिकवायचा.

"विंग म्हणजे काय? भिंत चाटायची नोकरी," तो सांगायचा. "गोल केला तर सेंटरनं पक दिला म्हणून, आणि चुकलो तर आमच्या डोक्यावर खापर. माझा पोरगा मधेच खेळणार."

टॅनर मागे उभा असायचा, मान खाली घालून. मला वाटायचं, शिष्ट आहे. लोक गप्प बसले की त्यांच्याबद्दल वाईट समजणं सोपं जातं. या खोलीत राहून मलाही तीच सवय लागली होती.

मग लून्स हरू लागले. नुसते हरले नाहीत, यथासांग हरले. टॅनर मधे उभा राहायचा, पंच पक टाकायचा आणि समोरचा सेंटर तो घेऊन निघूनही गेलेला असायचा. हल्ला करून टॅनर मागे वळेपर्यंत आमच्यावर गोल झाल्याचा लाल दिवा लागलेला. तिकडे कडेला एइनोला दुप्पट वजनाची पोरं कठड्यावर चेपत होती. अशाच एका धडकेत त्याच्या बरगडीला तडा गेला. तरी पट्टा आवळून तो खेळत राहिला.

खोलीत काय चाललं होतं? तर वाद. पट्ट्या नव्हे, आता माझ्यावर बाण काढले जात होते. रेजाँनं हिरव्या शाईनं इतके बाण काढले की माझं मैदान पालकाच्या भाजीसारखं दिसू लागलं.

"तो चौथ्या सेकंदाला वळत नाहीये!"

"कारण तू त्याला तिसऱ्याला ओरडतोस!"

हंगामाच्या शेवटच्या रविवारी डुलुथच्या संघाशी सामना होता. हरलो तर घरी, जिंकलो तर बाद फेरी. त्या सकाळीही दोघं इतके भांडले की गॉर्डनं कप आपटला, रेजाँ दार आपटून गेला, आणि दोघंही जेवायला दोन वेगळ्या टोकांच्या खानावळीत गेले.

रिकाम्या खोलीत एइनो आला. बरगडीची चौकशी करायची म्हणून गॉर्डनं त्याला थांबायला सांगितलं होतं आणि स्वतः विसरून गेला होता. एइनो जपून खुर्चीत टेकला. थोड्या वेळानं दारात टॅनर.

"कॅप, फार दुखतंय का?"

"हसलो की दुखतं. म्हणून या खोलीत बसलोय."

टॅनर हसला नाही. "तुमची जागा मी नव्हती मागितली."

"माहीत आहे."

"मला ती नकोच आहे. मधे उभा राहिलो की चहूकडून सगळं अंगावर येतं. पक कुठं जाणार ते तुम्हाला आधीच कळतं. मला तो आल्यावर कळतं. पण कडेला असलो ना, की..." त्यानं हातानंच फटका मारून दाखवला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? कोचला सांगितलं तर लायलसाहेब ऐकतील. त्यांना सांगितलं तर बाबा. आणि बाबांना सांगायचं म्हणजे... ते जन्मभर विंग होते हो. मला विंग आवडते म्हटलं तर त्यांना वाटेल मी चेष्टा करतोय."



"मलाही कोणी विचारलं नाही," एइनो म्हणाला, "पण मी निदान म्हणायला हवं होतं की हा मूर्खपणा आहे. 'बरं' म्हणालो. मोठा सोशिक! माझा सोशिकपणा माझ्या बरगडीला भोवला आणि संघाच्या हंगामालाही. तू तसं करू नकोस."

बरगडी धरून तो उठला आणि बाहेर गेला. टॅनर एकटा राहिला. त्यानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुढे केला आणि आपली पट्टी मधून उचलून डाव्या कडेला लावली. एइनोची उचलून मधे. दोन्ही पट्ट्या अगदी सरळ लावल्या. इतकी वर्षं मी नावं अंगावर वागवली. पण स्वतःचं नाव स्वतः हलवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

गॉर्ड परतला. त्यानं मला पाहिलं. पाठोपाठ रेजाँ आला. त्यानंही मला पाहिलं. दोघांना वाटलं, पट्ट्या हलवून दुसऱ्यानं आपली चूक कबूल केली.

"आली एकदाची अक्कल," गॉर्ड म्हणाला.

"हो, आली खरी," रेजाँ म्हणाला.

दोघंही उदार मनानं गप्प बसले. सकाळच्या भांडणानंतर आधी विचारणार कोण? लायल डोकावला, त्याला वाटलं की दोघांनी मिळून ठरवलंय, आणि हरलोच तर दोघांना मिळून काढता येईल या विचारानं तोही समाधानानं निघून गेला. अशा रीतीनं लून्सच्या इतिहासातला एकमेव शहाणा निर्णय कोणीही न घेता अमलात आला.

सामना मी भिंतीआडून ऐकला. हजारो लोक एकदम श्वास घेतात तो आवाज मला कळतो. एइनोनं पक जिंकला, कडेला न बघताच सोडला, टॅनरचा फटका बसला आणि भिंत हादरली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. लून्स पाच-दोननं जिंकले.

बाहेर बोळात पत्रकार जमले. गॉर्ड म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं." रेजाँ म्हणाला, "हा मेंदूचा विजय आहे," आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. लायल म्हणाला, "व्यवस्थापनाला कधीकधी धाडस करावं लागतं." तिघं खोलीत येऊन एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात न मारतात, तोच दार उघडलं आणि रस व्हेलन आत शिरला.

"माझ्या पोराला कडेला कोणी ढकललं?"

गॉर्डनं रेजाँकडे पाहिलं, रेजाँनं लायलकडे, लायलनं छताकडे.

"तसं सामूहिकच..." लायल पुटपुटला.

"याचाच आग्रह होता," गॉर्ड म्हणाला.

"माझा? मी तर सेंटरवाला!" रेजाँ ओरडला.

"मी केलं, बाबा."

टॅनर दारात उभा होता. घामानं निथळत, पायात अजून बर्फावरचे बूट.

"तू? तुझ्या हातानं?"

"हो. मला विंगच खेळायचंय."

रसचा चेहरा लाल झाला. "वेडा आहेस? कडेच्या माणसाला लोक विसरतात! मला विसरले. इतकी वर्षं हाडं मोडली, आज या गावात माझं नाव कोण सांगेल?"

"मी सांगेन," टॅनर म्हणाला. "तुम्ही मला कोपऱ्यातल्या काचेमागची जागा घेऊन द्यायचात. तुम्ही तिथंच यायचात, माझ्यासमोर. तिघांच्या मधून पक काढायचात. मी सेंटरकडे कधी पाहिलंच नाही, बाबा. मला हॉकी म्हणजे तेवढंच माहीत होतं."

 

रसनं नाकावरून हात फिरवला. खुर्चीची पाठ धरली. प्रशिक्षक, मदतनीस, व्यवस्थापक, तिघंही बुटांच्या नाड्या बघत होते.

"डावी का उजवी?" रसनं विचारलं.

"डावी."

"मग दुसऱ्या गोलाच्या वेळी कोपर एवढं वर का होतं? कोणीतरी बरगडी फोडेल. इकडे ये. दाखवतो."

आणि बापलेक माझ्यापुढे उभे राहून, काल्पनिक कठड्याला खांदा लावून, एकमेकांना ढकलू लागले.

बाद फेरीत लून्स पहिल्याच झटक्यात हरले. चमत्काराची अपेक्षा त्यांच्याकडून मी केली नव्हती. एइनो निवृत्त झाला. टॅनर मोठ्या संघात गेला. अजून डाव्या कडेलाच खेळतो. गॉर्ड आणि रेजाँला एकाच दिवशी काढलं, आणि ऐकतो की दोघं आता कुठल्याशा गावात एकाच संघाला शिकवतात आणि तिथल्या फळ्याचा जीव खातात. नवा प्रशिक्षक आला तो भिंतीएवढा पडदा घेऊन. त्यावर नावं बोटानं सरकतात. मूर्खपणाचा वेग वाढला, एवढंच.

मी आता बर्फगृहाच्या उपाहारगृहात असतो. माझ्यावर 'आजचं सूप' लिहितात. ते रोज वाटाण्याचंच असतं, तरी रोज लिहितात. खाली रांगेत उभे असलेले लोक, ज्यांना बूट घालून बर्फावर सरळ उभंही राहता येणार नाही, ते कोणाला मधे घ्यावं आणि कोणाला कडेला, यावर घसा फोडत असतात. भांडा बापड्यांनो, तुमचं तोंड मी कोण धरणार? फक्त हातवारे करताना ते ओले हातमोजे माझ्यावर टेकू नका. अक्षरं पुसली जातात, आणि मग आज सूप कसलं आहे यावरही तुमच्यात दोन तट पडतात.