विमानापेक्षा भाकरी आधी

उमरठच्या वरच्या वाडीवर रीत होती, की सकाळची भाकरी शिळी व्हायच्या आत पोचेल, तेवढ्याच लांब लेक द्यायची. आबाजीच्या तिन्ही बहिणी त्याच मापानं दिलेल्या. आणि आता त्याची अमिता, महाडला औषधाच्या कारखान्यात नोकरी करणारी, नागपूरच्या तुषारशी लग्न करायचं म्हणत होती.

"बाबा, मुंबई विमानतळ ते नागपूर विमानतळ सातशे किलोमीटर असेल, पण विमानाला दीडच तास लागतो. भाकरी ऊनच राहील."

ते ऐकून आबाजी मनातून सुखावला, पण रीत मोडवेना. तो बोटांवर मोजू लागला.

"वाडीवरून पोलादपूर एक तास. तिथून एसटीनं मुंबई सहा तास. वर विमानतळावर दोन तास आधी जाऊन बसायचं. म्हंजे तुझं विमान उडायच्या आधीच भाकरी वाळली की गो!"

अमिताचा चेहरा पडला. चुलीपुढून त्याची बायको जनी फणकारली, "अवो, विमानाला नावं ठेवू नका. वेळ तर तुमची एसटीच खाते."

गोठ्यात म्हैस रेकली, तसा आबाजी एकदम सावरून बसला.

"जने, रीत भाकरीची हाय ना? दशमीला कोण काय बोललंय? पाण्याऐवजी दुधात पीठ मळ. दशमी तीन दिस टिकते."

अमिता हसत सुटली. "बाबा, तीन दिवसांत तर मी विमानानं अमेरिका गाठीन!"

"जने," आबाजी घाईनं म्हणाला, "दूध जरा बेतानंच घाल. नागपूरपुरतं."