मौलाची ओव्हर

"औट? कामून औट?" बंडेप्पाने गुळाच्या ढेपेवर थाप मारली. "पाय किती पुढं होता त्येचा! ह्या अंपायरला आपल्या संतपुरात आणा. पोरं मॅटिंगमधी गुंडाळून वापस धाडतील."

"तू अंपायर असताना तुला कुणी गुंडाळलं न्हाई, नशीब समज," वीरण्णा म्हणाला आणि त्याने रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओ त्याचा, दुकान त्याचं, त्यामुळे शेवटचा शब्दही त्याचाच असे. "अंपायर काय करंल? बॉलिंगच तशी हाय. फास्ट म्हंजे कसं, बॅट उचलूस्तोर बॉल मागं. आपल्याकडं बी असा एक..."

तो तिथेच थांबला. बंडेप्पाने गुळाचा खडा तोंडात टाकला, पण चावला नाही.

लखनौची टेस्ट चालू होती. पाकिस्तानचा संघ पहिल्यांदाच खेळायला आला होता. कॉमेंट्री इंग्रजीत, आणि ती मराठीत करून सांगायचं काम भगवानराव मास्तरांकडे. एरवी मास्तरांना दुकानात एवढा भाव कुणी देत नसे.

दाराशी सावली पडली. हुसेनबी आली होती. वीरण्णाने लगबगीने उठून तिच्यासाठी पोतं झटकलं.

"मौलाचा खेळ सुरू झाला का रे, भगवान?"

"आत्ताच बॉल हातात घेतलाय, खाला."

मौला तिचा एकुलता मुलगा. चार वर्षांपूर्वी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतर रझाकारांचा सूड म्हणून गावोगाव मुसलमानांचं जे झालं ते इथेही झालं. रझाकार कधीच पळून गेले होते. सापडला मौला, ज्याने चेंडूखेरीज हातात काही धरलं नव्हतं. त्याला मैदानामागच्या विहिरीकडे ओढत नेलं, तेव्हा या दुकानातल्या प्रत्येकाने आपापल्या दाराला आतून कडी घातली होती. तो एकेकाला नावाने हाका मारत गेला.

हुसेनबी तेव्हा बिदरला बहिणीकडे होती. ती परतली तेव्हा भगवानरावांच्या तोंडून निघून गेलं, "मौला कराचीला गेला, खाला." तिला चार दिवस धीर यावा म्हणून बोललेलं वाक्य चार वर्षं टिकलं. त्या विहिरीचं पाणी आता कुणी काढत नसे. संध्याकाळी मैदानावरून घरी येताना मास्तरांना वाटे, मागून कुणीतरी रनअप घेऊन धावत येतंय. वळून बघायची त्यांची छाती होत नसे.

पाकिस्तानचा संघ आलाय म्हटल्यावर हुसेनबी दुकानात येऊन बसली. बिदरपर्यंत ज्याला कुणी धड खेळू शकत नव्हतं, तो तिकडच्या संघात नसेल हे तिला पटणंच शक्य नव्हतं. मास्तरांनी कॉमेंट्री सांगताना घाबरत घाबरत त्याच्या नावावर एक ओव्हर दिली. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विकेट काढली तेव्हा वीरण्णाने सगळ्यांना चहा पाजला. आणि हुसेनबी समोर असली की बंडेप्पा आपल्याच बॅट्समनला औट द्या म्हणून अंपायरशी भांडू लागला.

"मौला आला," मास्तर रेडिओला कान लावून सांगत होते. "लांबून धावत... उजव्या हातानं टाकला... बॅट चुकली, पॅडवर लागला!"

"औट!" बंडेप्पा ओरडला. "आंधळ्याला बी दिसंल!"

"अंपायर नाही म्हणतोय."

"लबाड हाय त्यो!"

हुसेनबीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोणत्या हातानं म्हणलास?"

मास्तर थिजले. इंग्रजीतला उजवा हात तसाच्या तसा मराठीत आला होता. वर्षानुवर्षं ज्याच्यासमोर बॅट घेऊन उभे राहिले त्याचा हात ते विसरले होते.

"जेवायचा बी डाव्या हातानं," हुसेनबी म्हणाली. "मी त्या हातावर पळी मारायची. शेवटपर्यंत सवय सुटली न्हाई."

"तिकडं हात बदलला की, खाला," बंडेप्पा घाईघाईने म्हणाला. "तिकडचे शिकवणारे लई कडक हायेत."

हुसेनबीने त्याच्याकडे पाहिलं. मग वीरण्णाकडे, मग मास्तरांकडे. कुणीही मान वर केली नाही. रेडिओतले लोक टाळ्या वाजवत होते. ती किंचाळली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

"भगवान," ती म्हणाली, "एवढी ओव्हर टाकू दे त्याला. मग मला दाखव, कुठं हाय त्यो."

वीरण्णाने रेडिओ बंद केला. दुकानात बाजाराचा आवाज तेवढा येत राहिला.

"मौला मागं फिरला," मास्तर म्हणाले. "चेंडू पुसला. धावत आला... डाव्या हातानं... ऑफ स्टंपवर, सरळ."

"शाबास," बंडेप्पा पुटपुटला.

"पुन्हा फिरला. घाम पुसतोय. आला..."

हुसेनबी डोळे मिटून ऐकत होती. सहा चेंडू कधीच होऊन गेले होते. मास्तर मौलाला पुन्हा पुन्हा मागे फिरवत होते, आणि इतकी वर्षं गावात अंपायर म्हणून उभा राहिलेल्या बंडेप्पाला 'ओव्हर' म्हणायला तोंड उघडवत नव्हतं.