थरथरत्या फळ्यांवरचा फोटो

शिक्केबाबूंनी काढलेला फोटो कुणालाही लांबून ओळखता यायचा. त्यात माणसं नसत, माणसांची भुतं असत. मेहुणीच्या लग्नात त्यांनी हौसेनं एकशे चाळीस फोटो काढले, आणि नवऱ्यामुलाला डोळे दोन आहेत की चार हे त्यातल्या एकाही फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मेहुणी आधीच फटकळ. तिनं भरल्या घरात जाहीर करून टाकलं, "भावजी, आजपासून तुमचं नाव धुकेपंत!" झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

माणूस आळशी नव्हता हो, आणि कॅमेराही काही वाईट नव्हता. खोड होती ती हातात. टपाल कचेरीत खिडकीमागे बसून त्यांनी तीस वर्षं पत्रांवर शिक्के मारले होते. ठप्प, पुढचं. ठप्प, पुढचं. कॅमेऱ्याचं बटणही ते तसंच दाबायचे. ठप्प! आणि फोटो पुरता निघायच्या आत यांची मान पुढच्या पाहुण्याकडे वळलेली. ही गोष्ट पकडली ती त्यांच्या बायकोनं, आणि तीही लग्नानंतर चोवीस वर्षांनी. एका रविवारी ती खिडकीत उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आणि एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही फोटो काढताय की शिक्का मारताय?"

बायकोला हातांतलं कळायचं. ती छापखान्यात पुस्तकं शिवायच्या यंत्रावर होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घातल्या की त्यांना फर्मे म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवत जायचे आणि यंत्राच्या नऊ सुया दोऱ्यानं ते एकमेकांना शिवत जातात. हे खातं वरच्या मजल्यावर, आणि जमीन लाकडी फळ्यांची. पूर्वी तिथं एका ओळीत अशी चार यंत्रं होती. चारही चालू असली की मजला असा थरथरायचा की टेबलावरचा चहा बशीत यायचा. त्या थरथरत्या जमिनीवर उभं राहून, शेजारची तीन यंत्रं धडधडत असताना, ही बाई आपल्या यंत्राच्या नऊच्या नऊ सुया ओवायची. बत्तीस वर्षं. नवी माणसं यायची, दोरा जिभेवर ओला करून करून थकायची, आणि शेवटी "ताई, तेवढं ओवून द्या ना" म्हणत तिच्याकडे यायची.

"सांगते कसं ते," ती त्या रविवारी म्हणाली. "आधी चपला काढा. गुडघे ताठ ठेवू नका, सैल सोडा. ताठ माणसाच्या अंगात जमिनीची थरथर डोक्यापर्यंत चढते. कोपरं बरगड्यांना लावा. श्वास घ्या, अर्धा सोडा, आणि तिथंच थांबा. आता बटण दाबायचं नाही. त्याच्यावर बोट झोपू द्यायचं."

"आणि मग?"

"मग काही नाही. बोट लगेच उठवायचं नाही. पुढचं पत्र येत नाहीये तुमचं."

त्या दिवसापासून शिक्केबाबूंनी ध्यास घेतला. सराव कुठं करावा? घरातली जमीन तर दगडासारखी घट्ट. मग त्यांना कपडे धुवायचं मशीन आठवलं. ते कपडे पिळायला लागलं की न्हाणीघरासकट सगळं हादरायचं. शिक्केबाबू अनवाणी पायांनी त्याला पाठ टेकून उभे राहायचे आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचे फोटो काढायचे. घड्याळावर बनवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात होतं. ते वाचता आलं तर पास, नाही तर नापास. शेजारणीनं एकदा हा प्रकार पाहिला आणि बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरात?" पहिले तीन महिने ते रोज नापास झाले. चौथ्या महिन्यात अक्षरं दिसायला लागली. सहाव्यात अशी दिसायला लागली की बायकोनं चष्मा चढवून सगळी वाचली आणि नुसतं "हं" म्हणाली. तिचं "हं" म्हणजे काय ते शिक्केबाबूंना माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून सगळी भांडी घासली.

पण हे घरातलं घरात राहिलं. मेहुणीसाठी ते धुकेपंतच होते.

आता मुद्द्याचं सांगायचं म्हणजे, छापखान्याच्या जिन्यात एक भिंत होती. कुणी निवृत्त झालं की त्याचा त्याच्या यंत्राशेजारी उभा असलेला फोटो मोठा करून तिथं लावत. एकवीस फोटो होते आणि एकवीसही पुरुष. बाविसावी शिक्केबाबूंची बायको असणार होती. शिवाय तिच्याबरोबर तिचं यंत्रही जाणार होतं. चारांतलं ते शेवटचं उरलेलं, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चारला ते खोलून न्यायला माणसं येणार होती.

मालकीणबाईंनी तिला आधीच विचारलं होतं, "फोटो कसा हवा?"

"चालू यंत्राबरोबर," ती म्हणाली. "त्या एकवीस फोटोंत सगळी यंत्रं बंद आहेत. बंद यंत्रापाशी कुणीही उभं राहील. मी चालवत होते, हे दिसलं पाहिजे."

मालकीणबाईंनी मान डोलावली आणि नावाजलेला फोटोवाला ठरवला. शिक्केबाबूंना जरा लागलं. खोटं कशाला बोला, बरंच लागलं. पण फोटोच्या दिवशी घरून निघताना त्यांनी आपला कॅमेरा पिशवीत टाकला.

शेवटच्या दिवशी तीन वाजता सगळे वरच्या मजल्यावर जमले. मेहुणीही आली होती. फोटोवाला तरुण होता, नम्र होता, कामात पक्का दिसत होता. त्यानं तीन पायांचा स्टँड उभा केला, त्यावर कॅमेरा बसवला. यंत्र सुरू झालं. बायकोनं डाव्या हाताचं एक बोट वरून येणाऱ्या दोऱ्याला लावलं. दोऱ्याला ताण किती आहे ते बघायची तिची रोजची सवय होती ती.

पहिला फोटो फ्लॅश टाकून काढला. चेहरा स्पष्ट आला, पण सुया जागच्या जागी थिजलेल्या. "हे तर बंद दिसतंय," बायको म्हणाली. खरंच होतं ते. मग फोटोवाल्यानं फ्लॅश काढला. खिडक्या उंच आणि लहान, उजेड कमी, त्यामुळं कॅमेऱ्याला जरा जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागणार होता. सुया त्यात हललेल्या दिसतील, हवंच होतं ते. पण पडद्यावर फोटो मोठा करून बघितला तर सुयांबरोबर बाईही हललेली. दुसरा काढला, तसाच. स्टँडला जड पिशवी टांगून पाहिली, पाय पसरवून पाहिले. मजल्याची थरथर स्टँडच्या तिन्ही पायांतून सरळ कॅमेऱ्यात चढत होती. शेवटी त्यानं कॅमेरा हातात घेतला, पाय रोवले, गुडघे घट्ट केले. तोही फोटो गेला. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला.

चार वाजायला आले. पाना-पक्कड आणि दोरखंड घेऊन दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, वेळ नाही. यंत्र बंद करूनच काढूया का? निदान फोटो तरी होईल."

बायकोचा चेहरा एवढासा झाला. बत्तीस वर्षांत पगार उशिरा झाला तेव्हाही तो तसा झाला नव्हता. तिनं एकदा यंत्राकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या डोक्यांवरून मागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"अहो, तुम्ही काढा."

मेहुणीला हसू फुटलं. "ताई, अगं धुकेपंतांना सांगतेस?"

"त्यांनाच सांगतेय," बायको म्हणाली, आणि असं म्हणाली की मेहुणीचं हसू तिथंच थांबलं.

शिक्केबाबूंनी पिशवीतून कॅमेरा काढला. न्हाणीघरातल्या घड्याळाचा फोटो वेगळा आणि हा वेगळा. हा बिघडला तर तो कायमचा बिघडणार, आणि तिच्या बत्तीस वर्षांच्या शेवटी आपल्या हातचं धुकं लागणार. पण तिनं सगळ्यांसमोर त्यांना पुढं केलं होतं. मागं फिरणं शक्यच नव्हतं. त्यांनी बूट काढले. मोजे काढले. फोटोवाला बघतच राहिला. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून ताणला, कोपरं बरगड्यांना लावली, गुडघे सैल सोडले. फळ्यांची थरथर तळव्यांत आली, पोटऱ्यांत आली, गुडघ्यांपाशी विरली.

त्यांनी डोळ्याला कॅमेरा लावला. समोर ती, दोऱ्याला बोट लावून. तिच्या खांद्यांवरून त्यांना कळलं की तिनंही श्वास घेतला आहे. मग तिनं तो अर्धा सोडला. त्यांनीही सोडला. दोघंही तिथंच थांबले. सबंध मजला हलत होता आणि त्यात ही दोनच माणसं स्थिर होती. शिक्केबाबूंनी बटणावर बोट झोपू दिलं, आणि ते उठवलं नाही. पुढचं पत्र येणार नव्हतं.

"बघू," फोटोवाला म्हणाला. त्यानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. सुयांच्या जागी नुसती चंदेरी झाक होती, सुसाट चाललेली. आणि त्या झाकेमागं ती. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा, बोटाच्या पेरावर बत्तीस वर्षांत पडलेली बारीक खाच आणि त्या खाचेत बसलेला दोऱ्याचा पीळसुद्धा दिसत होता.

"काका," तो म्हणाला, "मला शिकवाल का हे?"

"मला नका विचारू," शिक्केबाबू म्हणाले. त्यांचा आवाज आता थरथरत होता, हात नव्हे. "ती समोर उभी आहे ना, तिला विचारा. तिचीच विद्या आहे."

मेहुणीनं कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "भावजी," ती म्हणाली, "माझ्या लग्नाचे परत काढता येतील का हो?" सगळे हसले. धुकेपंत हे नाव त्या दिवसानंतर तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

मालकीणबाईंनी लगेच फोटोखालच्या पाटीचा मजकूर विचारला. बाकी एकवीस पाट्यांवर नुसतं नाव आणि वर्षं होती. बायको म्हणाली, "माझ्या नावाखाली आणखी एक ओळ घाला. फोटो तिच्या नवऱ्यानं काढला."

"अगं, कशाला ते," शिक्केबाबू पुटपुटले, पण छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं ताणली गेली.

"असू दे. जिना चढणाऱ्या प्रत्येकाला कळू दे."

मग ती यंत्रापाशी गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं ते बंद केलं. धडधड मंदावली, थांबली. पायाखालच्या फळ्या बत्तीस वर्षांनी कायमच्या गप्प झाल्या. आणि त्या गप्प जमिनीवर, चार यंत्रांच्या हादऱ्यांत सुया ओवणारी ती बाई एकाएकी डगमगली. एक पाऊल मागं गेलं, हात हवेत गेला.

शिक्केबाबू अनवाणीच होते. दोन पावलांत पोचले आणि त्यांनी तिचं कोपर धरलं.

तिचे डोळे भरले होते. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. तो जराही हलत नव्हता.

"गुडघे सैल सोड," ते हळूच म्हणाले. "आता अर्धा श्वास."

तिनं अर्धा श्वास सोडला, आणि ती उभी राहिली.