न्याहारीच्या वेळचा पेलिकन

पक्षी बघायला मी जात नाही, मी न्याहारीला जाते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून कोणी बगळ्यांच्या जाती ओळखायची अपेक्षा करणार नाही. पक्षी बघतो तो माझा नवरा, सेंतो. ऑक्टोबरात उत्तरेकडचे थवे उतरायला लागले की दर शनिवारी त्याचं मंडळ वालेन्सियाहून बस पकडून अल्बुफेराच्या सरोवरावर जातं. कापणी झालेल्या भातखाचरांत पाणी साचलेलं असतं, पेंढ्याचा धूर डोळ्यांत जातो, आणि शहाणीसुरती म्हातारी माणसं चिखलात उभी राहून एका बदकावरून भांडतात.

मंडळाचा नियम असा, की डोळ्यांच्या दोन जोड्यांनी पाहिला तर तो पक्षी, एकाच जोडीने पाहिला तर ते स्वप्न. गेल्या वर्षी सेंतोने एकट्याने पेलिकन पाहिला. आमच्याकडे पेलिकन येत नाहीत. तेव्हापासून वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली तरी मंडळी ओरडतात, "सेंतो, धाव, तुझा पेलिकन!" तो तिथे हसतो आणि घरी येऊन गप्प बसतो. उन्हाळ्यात गुपचूप डोळे तपासून आला. डोळे ठणठणीत निघाले, तर जास्तच घाबरला. "डोळ्यांत दोष नाही म्हणजे डोक्यात असणार, रेमेई," म्हणाला. आयुष्यभर ट्राम चालवलेला हा माणूस आता रस्ता ओलांडताना मला विचारतो, सिग्नल हिरवाच आहे ना?

तर त्या शनिवारी आम्ही कालव्याकाठच्या फिनाच्या खानावळीत न्याहारीला बसलो. घरून निघताना कॉफी-बिस्किट होतं, ते काही खाणं नव्हे. न्याहारी म्हणजे हातभर लांब पाव, ऑलिव्ह, शेंगदाणे, वाइन. दुर्बिणी गळ्यातून काढून टेबलाखाली जातात आणि पक्ष्यांचं नाव निघत नाही. न्याहारीवरून उठणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर माद्रिदचा.

सेंतो मागे हात धुवायला गेला होता, तो धावतच आत आला.

"बाहेर पेलिकन आहे!"

कोणी मान वर केली नाही. पाव नुकतेच आले होते.

"कुठे?" मंडळाचा अध्यक्ष बतिस्ते शेंगदाणा सोलत म्हणाला. हा पूर्वी बसमध्ये तिकिटं तपासायचा आणि अजून त्यातून बाहेर आलेला नाही.

"मागच्या कालव्यात. हाकेच्या अंतरावर."

"छान. न्याहारी झाली की बघू."

"अरे, तोवर उडून जाईल!"

"खरा असेल तर थांबेल. पिशवी असेल तर उडेल."

सगळे खो खो हसले.

"एकानेच चला रे," सेंतो अक्षरशः हात जोडून म्हणाला. "एकच जण. हवं तर माझा पाव घ्या."

आता मात्र सगळ्यांच्या माना वर झाल्या. वालेन्सियाचा माणूस स्वतःचा पाव देऊ करतो म्हणजे प्रकरण गंभीर. एक जण अर्धवट उठलासुद्धा, पण बतिस्तेने नुसतं पाहिलं तसा "पाय अवघडला होता" म्हणत खाली बसला. सेंतो एकटाच बाहेर पळाला.

मी उठणार, तेवढ्यात बतिस्तेच्या मागच्या उघड्या खिडकीत पेलिकन येऊन बसला. हातभर चोच, तिच्याखाली पिवळी झोळी. आधी त्याने मला पाहिलं, मग टेबल पाहिलं. मग मान लांब करून बतिस्तेच्या हातातला तळलेला माकुळ मासा भरलेला अख्खा पाव उचलला, पंखाने ऑलिव्ह उधळले आणि गेला.

एकाने वाइनच्या पेल्यातून पांढरं पीस काढलं, नीट पुसलं आणि बशीखाली सारलं.

फिना स्वयंपाकघरातून आली. "अध्यक्ष, तुमचा पाव?"

"खाल्ला."

"अहो, आत्ता तर ठेवून गेले!"

"भूक होती."

"भूक असली की होतं तसं," बाकीचे एका सुरात म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "लाज आहे का रे? पेलिकन तुझ्या तोंडचा घास घेऊन गेला!"

"रेमेई, न्याहारीच्या वेळी आम्ही पक्षी बघत नाही," बतिस्ते शांतपणे म्हणाला. "बघतच नाही, तर दिसेल कसा?"

मग त्यांनी रम पेटवून कॉफी केली, ती घोट घोट प्यायली, तोंडं पुसली, दुर्बिणी गळ्यात घातल्या आणि वरातीसारखे बाहेर पडले. सेंतो कालव्यात गुडघाभर चिखलात उभा होता. आभाळ रिकामं होतं.

"गेला," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "किंवा नसेलच."

"होता," मी म्हटलं. "मी पाहिला. खिडकीत."

बतिस्तेने घसा खाकरला. "नवरा-बायकोचे डोळे मिळून एकच जोडी धरतात."

"हा नियम कधी झाला?"

"आत्ता."

मी त्याच्या अंगावर धावूनच जाणार होते, पण सेंतोचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. चिखलातून ओढत ओढत तो माझ्यापाशी आला.

"खरंच पाहिलास? माझं मन राखायला सांगू नकोस हं."

"तुझं मन राखायला मी कधी काही केलंय का?"

"झोळी कुठल्या रंगाची?"

"पिवळी. आणि तिच्यात बतिस्तेचा पाव होता, टोक बाहेर आलेलं."

तेवढ्यात बतिस्तेचं पोट गुरगुरलं. इतक्या मोठ्याने, की पाणकोंबड्या उडाल्या. मंडळी खाली मान घालून बुटांचा चिखल बघू लागली.

सेंतो तिथेच काठावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"म्हणजे मी वेडा नाही," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसले, नव्या स्कर्टसकट.

"वेडा तर आहेसच," मी म्हटलं. "पण पेलिकन होता."