तीन पाळ्यांतले बारा शब्द

अभिनव बंगळूरहून लॅपटॉप घेऊन आला त्याला दोन दिवस झाले होते, आणि बापाची तिजोरी काही त्याच्याने उघडत नव्हती. त्याची आई विजयाबाई पलंगावर बसून मेथी निवडत हा तमाशा बघत होत्या.

तिजोरी म्हणजे मोबाइलमधलं क्रिप्टोचं वॉलेट. त्याचे वडील नरहरी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झाले तेव्हा बँका आता म्हाताऱ्यांसाठीच राहिल्या, असं ह्याच दिवट्याने त्यांच्या गळी उतरवलं, आणि साऱ्या नोकरीची पुंजी त्यात गेली. आता नरहरी नव्हते. त्यांचा फोन दवाखान्याच्या शेवटच्या धावपळीत ऑटोत राहून गेला तो गेलाच. सेक्टरमधलं कारखान्याचं क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं, आणि बोरसीला बांधायला घेतलेल्या घराच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. वर स्लॅब नव्हता.

नव्या फोनवर वॉलेट उघडायला बारा इंग्रजी शब्द लागत. ते नरहरींनी वहीत लिहून ठेवले होते. अभिनव एकेक शब्द घाली, तो हिरवा होई. बारावा घातला की मात्र पाटी लाल. शब्द जुळत नाहीत, पुन्हा प्रयत्न करा.

पहिल्या दिवशी दोष नेटवर्कचा होता, दुसऱ्या दिवशी अ‍ॅपचा. आज तो बापावर आला. बाबांनी एखादा शब्द चुकीचा उतरवला असणार, असं तो म्हणाला तेव्हा विजयाबाईंच्या हातातली काडी थांबली. चौतीस वर्षं ज्या माणसाच्या लॉगबुकात एक खाडाखोड सापडली नाही, त्याची चूक काढायला हा इतक्या लांबून आला होता.

जेवण झाल्यावर अभिनवने इंटरनेटवर एक तज्ज्ञ शोधला. पानाचा फोटो पाठवा, तासाभरात उघडून देतो, असं तो कळवत होता. अभिनवने फोन वहीवर धरला. विजयाबाईंनी मेथीचं ताट उचलून पानावर ठेवलं.

"कुलूप उघडत नाही तर किल्ली रस्त्यावरच्या माणसाले देऊन रायला?"

"मम्मी, तुम नहीं समझोगी. एक्सपर्ट है वो."

त्यांनी ताट सरकवून पान पाहिलं. तीन उभे रकाने, प्रत्येकात चार शब्द. नरहरींचं सगळंच लिहिणं असं असे: दूध, किराणा, शुगरच्या गोळ्यासुद्धा. प्लांटात सकाळपाळीचा माणूस आपला रकाना वरून खाली भरी, तो संपला की दुपारपाळीचा पुढला, मग रात्रपाळीचा. रिटायर झाले तरी हात तोच राहिला.

"सारे शब्द हिरवे हून रायले ना? मंग शब्द बरोबर हायेत. तू वाचून कसा रायला?"

अभिनवने बोट डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवलं.

"आडवं कावून? पयली पाळी अर्धी सोडून कोणी रात्रपाळी भरते का? प्लांटवाल्याच्या घरी वाढला अन् लॉगशीट वाचता नाही येत तुले. खाली उतर."

तो तोंड वाकडं करून खाली उतरला. चार, मग चार, मग चार. पाटी लाल झाली नाही. वॉलेट उघडलं.

"मतलब अ‍ॅप तो सही था," अभिनव पुटपुटला.

विजयाबाईंनी ते ऐकलं न ऐकलं केलं. सगळं काढून आपल्या खात्यात टाक, स्लॅबचा मिस्त्री सोमवारी यायचा आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. तज्ज्ञाचा निरोप होता, फोटोची वाट पाहत असल्याचा.

"पाठव ना," विजयाबाई ताट पुढे करत म्हणाल्या. "मेथीचा पाठव."